लोक आधी, पोथी मागून

वारकरी बंधूंनो, आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न येथेच लागले, अशी कथा राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त आहे. पण काव्य उपजते कशातून? मम्मट सांगतो: शक्ति, अभ्यास, आणि लोक, शास्त्र व काव्य न्याहाळून आलेली निपुणता. त्यात ‘लोक’ पहिला, हे ध्यानी घ्या!

सावतोबांना अरणच्या मळ्यातल्या भाजीतच विठाई दिसली. नरहरी सोनारांच्या अभंगात मूस नि हातोडा आले.

म्हणून कीर्तनाला उभे राहणाऱ्या मुलांनो, दुसऱ्याचे दृष्टांत नुसते घोकू नका. खळ्यावर जा. सोयाबीनच्या मळणीत दाणा नि कुटार वेगळे होतात. सारासारविवेक तो हाच. श्रोता शेतकरी आहे. घोकलेले त्याच्या कानावरून जाते, पाहिलेले पोटात उतरते.

रामकृष्ण हरि.