बीबी क्रीम घेताना एवढं ध्यानात ठेव

पोरी, बीबी क्रीम कोरियन घेऊ की अमेरिकन, असं विचारलंस. माझी हयात नवऱ्या मुलींचे चेहरे सजवण्यात गेली, म्हणून हाताला जे कळलंय ते सांगते.

मुळात हे क्रीम जर्मनीतलं. क्रिस्टीन श्रामेक या त्वचातज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात ते तयार केलं. पीलिंगच्या उपचारानंतर लालसर झालेली नाजूक कातडी झाकावी आणि जपावी, एवढाच हेतू. १९८० च्या दशकात ते कोरिया-जपानात पोचलं, कोरियात घरोघरी गेलं, आणि २०१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेच्या दुकानांत नव्याने आलं.

म्हणूनच नाव एक असलं तरी माल दोन तऱ्हांचा. कोरियन क्रीम बहुधा दाट, डाग झाकणारं, सनस्क्रीन मिसळलेलं. पाश्चात्त्य क्रीम पातळ, रंगीत मॉइश्चरायझरच्या जवळचं. काहींत सनस्क्रीन नसतंच. मुरुमांचे डाग झाकायचे असतील तर पहिलं घे. रोज ऑफिसला जाताना चेहरा एकसारखा दिसावा एवढंच हवं असेल, तर दुसरं पुरे. मुंबईच्या दमट हवेत दाट क्रीम घामाने फुटतं, तेव्हा ते थोडंच घे आणि चोळण्याऐवजी बोटांनी थोपटून बसव.

रंग निवडताना घाई नको. कोरियन ट्यूबवर १३, २१, २३ असे आकडे असतात. २१ म्हणजे तिथली गोरी कांती, २३ मध्यम. आपल्या गव्हाळ रंगाला २३ सुद्धा पुष्कळदा फिकं पडतं, आणि सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक येते. २७ किंवा त्यापुढची छटा मिळाली तरच घे. पाश्चात्त्य बीबीतही गडद छटा मोजक्याच, तेव्हा तिथेही नीट पारख. क्रीम मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लाव. दुकानाबाहेर उजेडात ये, पंधरा मिनिटं थांब आणि मग आरसा बघ, कारण लावल्यावर रंग थोडा बदलतो. गोरं दिसण्यासाठी फिकी छटा कधीही घेऊ नकोस. तुझा रंग सुंदर आहे.

उन्हाचं काम बीबीवर सोडू नकोस. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण लावतो वाटाण्याएवढं. म्हणून आधी दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन, वर बीबी. आशियाई पाकिटावर पीए आणि अधिकची चिन्हं बघ. जितकी जास्त, तितकं यूव्हीए किरणांपासून रक्षण जास्त. अमेरिकन पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ शोध, युरोपियनवर वर्तुळातलं यूव्हीए. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत क्रीमं उपयोगी, कारण वांग गडद करणारा दृश्य प्रकाशही ती काही प्रमाणात अडवतात.

आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तो परत ठेव. कोरियन पाकिटावर कधी फक्त बनवल्याची तारीख असते. तिला मुदत संपल्याची समजू नकोस. नवं क्रीम आधी कानामागे लावून एक दिवस वाट बघ. रात्री कितीही उशीर झाला तरी क्लीन्झिंग ऑइलने ते काढ, मग फेसवॉश कर.

देश बघून क्रीम घेऊ नकोस. तुझ्या रंगाशी जुळेल, तुझ्या हवेत टिकेल आणि कातडीला सोसेल, तेच घे.