मातकट सातभाई आणि आळ्याचा रेडा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 5, श्लोक 18.

शनिवारी गावी, आळ्याला होतो. सकाळी परसात चहा घेत बसलो होतो. तारेवर निळाशार खंड्या येऊन बसला, म्हणून फोटोसाठी मोबाईल काढला. तेवढ्यात शेवग्याखाली सातभाईंनी कलकलाट सुरू केला. मातकट रंग, विस्कटलेली पिसं. खंड्या उडाला, मी वैतागलो.

आई म्हणाली, "अरे, मांजर आलंय बघ."

खरंच, कुंपणापाशी मांजर दबा धरून बसलं होतं. तो कलकलाट म्हणजे सगळ्यांना दिलेला इशारा होता! मग तासभर त्यांनाच बघत बसलो. थवा पाला उलथून किडे शोधतो, तेव्हा एखादा वर बसून पहारा देतो. एका जोडीच्या पिल्लांना थव्यातले बाकीचेही भरवतात. आणि मी त्यांचा एकही फोटो काढला नव्हता.

तेव्हा गुरुवारी मी घेतलेला इंटरव्ह्यू आठवला. मुलाचा कोड स्वच्छ होता, पण शर्ट चुरगळलेला आणि इंग्रजी अडखळणारं. मी 'कम्युनिकेशन कमी' असं लिहून मोकळा झालो. कॉलेजात व्हायव्हाला मी स्वतः असाच अडखळायचो, हे सोयीस्कर विसरलो.

संध्याकाळी रेडा समाधीच्या दर्शनाला गेलो. परंपरा सांगते, पैठणला माऊलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने परतीच्या वाटेवर आळ्यात देह ठेवला. पैठणच्या विद्वानांना समोर फक्त ओझं वाहणारं जनावर दिसत होतं. माऊलींना त्याच्यातही तोच आत्मा दिसला.

आजच्या श्लोकात भगवंत हेच सांगतात. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने हीन ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी सम दृष्टीने पाहतो. मला वाटतं, समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखे मार्क देणं नव्हे. मार्क देण्याआधी प्रत्येकाकडे नीट बघणं.

सोमवारी मी फीडबॅक दुरुस्त केला आणि दुसरा राउंड घ्या असं कळवलं. त्याला नोकरी मिळेल की नाही, माहीत नाही. पण माझी चूक मी लिहून दिली.

आजचा अभ्यास: ज्याच्याबद्दल तुमचं मत दोन मिनिटांत झालं होतं, अशा एका माणसाशी आज दहा मिनिटं बोला. जमलं तर नामस्मरणाआधीच.

राम कृष्ण हरी.