कॅम्पर व्हॅनने भंडारदरा
प्रश्न : आम्ही नवराबायको भाईंदरला राहतो. भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने एका दिवसात भंडारदरा पाहून होईल का?

उत्तर : होईल, पण पहाटे पाचच्या आत निघा, घोडबंदर रस्ता तुंबला की सकाळ गेलीच. कसारा घाट चढून घोटीला डिझेल आणि पिण्याचे पाणी भरा, मग शेंडी गाठा. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण पाहून जलाशयाच्या काठाने रतनवाडीला जा. रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी दिसली, तर रुंद जागा पाहून आधीच थांबा. अमृतेश्वर मंदिराचे कोरीवकाम सावकाश पाहा. व्हॅनचे सांडपाणी तिथे मुळीच सोडू नका. प्रवरेच्या याच पाण्यावर खालची गावे जगतात. घाट उजेडात उतरायचा, म्हणून तीनला परत फिरा.