मुक्काम कुठं करावा?

घरची सारी मंडळी गाडीत घालून चार ठिकाणं पाहायला निघायचं म्हटलं, की आधी बोलणं होतं ते काय पाहायचं याचं. मग बरोबर खायला काय न्यायचं याचं. रात्री पाठ कुठं टेकायची, हा प्रश्न मागंच राहतो. "तिथं गेल्यावर बघू" असं म्हणून माणसं मोकळी होतात. आम्हीही एकदा तसंच म्हणालो होतो. त्याची हकीकत या पाठात सांगतो.

आम्ही पुणे जिल्ह्यातली शेतकरी मंडळी. घरात आई, अण्णा, वहिनी, आम्ही दोघं नवराबायको आणि दोन पोरं. आईचं वय सत्तरीच्या पुढं. गुडघे धरलेले. तिचं एक मागणं फार दिवसांचं होतं. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि अजिंठ्याची चित्रं पाहायची. देवदर्शनाचं कुणालाही कळेल. पण अजिंठा कशाला? तर किराणा दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर एका वर्षी हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र आलं होतं. वर्ष सरलं तरी आईनं ते पान फाडू दिलं नाही. चुलीच्या धुरानं काळं पडलं, तरी ते भिंतीवरच होतं.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही निघालो. भाड्याची जीप केली. पुण्याहून नगरमार्गे छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. हे अंतर २३५ किलोमीटरच्या आसपास आहे. शनिवारी पहाटे निघून दुपारी पोचलो. बेत असा होता: तीन रात्री शहरातच राहायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा, मंगळवारी घरी.

मुक्काम आधी ठरवला नव्हता. स्टँडच्या आसपास हिंडलो. तीन-चार लॉज पाहिले. खोलीला ९०० रुपये सांगितले तिथं सामान टाकलं. सगळ्यांत स्वस्त तेच होतं. खोल्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई एकदा जिना चढली ती सकाळपर्यंत खाली आली नाही. जेवणसुद्धा वर नेलं. संडास जुन्या पद्धतीचा, खाली बसायचा. ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच त्याचा अर्थ कळेल. आई त्या दिवसांत पाणीच पीत नव्हती. का, ते आम्हाला पुढं कळलं. तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. ड्रायव्हर कुठं झोपणार? गाडी लावायला आवार नव्हतं. गाडी रस्त्यावर, म्हणून तो गाडीतच झोपला. डास, भुंकणारी कुत्री, वर थंडी. दोन रात्री त्याचा डोळा लागला नाही. सोमवारी सकाळी सिल्लोडच्या अलीकडं त्याला डुलकी आली. गाडी डांबरावरून खडीवर उतरली. वहिनी ओरडल्या म्हणून तो जागा झाला. पुढं अर्धा तास आम्ही बाजूला उभे राहिलो. चहा घेतला. कुणी फारसं बोललं नाही.

आणि एवढं करून अजिंठ्याच्या फाट्यावर पोचलो, तर लेणी बंद! अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची मंगळवारी. ही साधी गोष्ट आम्ही विचारली नव्हती. आई म्हणाली, "असू दे. डोंगर तरी दिसला." आम्ही परत फिरलो.

आता तुम्ही म्हणाल, यात मुक्कामाचा काय संबंध? आहे. मुक्काम ठरवायचा म्हणजे आधी वार ठरवावा लागतो. कोणत्या रात्री कुठं, हे कागदावर मांडलं असतं, तर सोमवार कुठं येतो ते त्याच कागदावर दिसलं असतं.

दुसऱ्यांदा निघेपर्यंत दोन वर्षं गेली. एक वर्ष कांद्यानं बुडवलं. आईचे गुडघे आणखी बिघडले. "आता काही जमत नाही," असं ती म्हणू लागली. तेव्हा वहिनींनीच वही घेतली. वहिनी चार वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या. त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश आहे. त्यांनी पानावर वार लिहिले, समोर गावं लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात "रात्र" असा शब्द लिहिला.

बुधवार: देवगिरी. रात्र वेरूळला. गुरुवार: घृष्णेश्वर आणि वेरूळची लेणी. रात्र फर्दापूरला. शुक्रवार: अजिंठा.

पोरांची तीन दिवस शाळा बुडणार होती. पण नाताळच्या सुटीत तिकडं खोल्या मिळत नाहीत आणि भाडं चढतं. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी वेरूळला तर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून २०२५ च्या डिसेंबरात, सुटीच्या आधीच निघालो.

आता हिशेब बघा. शहरात राहून सारं केलं तर शहर ते वेरूळ जाऊन येऊन ६० किलोमीटर आणि शहर ते अजिंठा जाऊन येऊन २००. मिळून २६०. वहिनींच्या बेतानं शहरातून वेरूळ ३०, तिथून खुलताबाद-फुलंब्रीवरून अजिंठ्याच्या पायथ्याला शंभराच्या थोडं वर, आणि परत शहराला १००. वाचले जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. गाडीचा दर किलोमीटरला १५ रुपये. म्हणजे तीन-चारशे रुपये सुटले. उलट फर्दापूरला खोली १,५०० रुपयांची. शहरातल्या ९०० च्या मानानं दोन खोल्यांना एका रात्रीचे १,२०० जास्त. पैशात पाहिलं तर आमचं नुकसानच झालं. ते आम्ही लपवत नाही. ज्याचे पाय धड आहेत आणि ज्याच्या बरोबर म्हातारं माणूस नाही, त्यानं शहरात खुशाल राहावं. तिथं खाणं स्वस्त मिळतं, दवाखाने जवळ असतात, आणि बीबीचा मकबराही पाहून होतो.

आम्हाला पैशापेक्षा सकाळ हवी होती. अजिंठ्याचं फाटक ९ वाजता उघडतं. शहरातून निघालं तर १०० किलोमीटर तोडून, अंग आंबवून, भर उन्हात चढावं लागतं. फर्दापूरहून लेणी चार-पाच किलोमीटरवर. आई झोपून उठून, चहा पिऊन, ताजी जाणार.

इथं एक सावधगिरी. नावावर जाऊ नका. अजिंठा नावाचं गाव निराळं आणि लेणी निराळी. गाव घाटाच्या वर, लेणी घाटाखाली वाघूर नदीच्या खोऱ्यात. "अजिंठ्यात खोली आहे" असं कुणी सांगितलं, तर गावात की फाट्याजवळ, हे विचारून घ्यावं.

खोली फोनवरून ठरवली. वहिनींनी प्रश्न लिहून ठेवले होते, म्हणून एकही राहिला नाही. तळमजल्यावर खोली मिळेल का? कमोड आहे का? गरम पाणी कधीपासून कधीपर्यंत येतं? गाडी आवारात राहील का? ड्रायव्हरला खाट मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग म्हणाला, "मिळेल की." एका ठिकाणी आमचे सगळे पैसे आधीच मोबाईलवरून मागितले. ते ठिकाण सोडलं. विसार म्हणून थोडे पैसे द्यायला हरकत नाही. पण न पाहिलेल्या खोलीचे सगळे पैसे अनोळखी नंबरवर कशाला पाठवायचे?

खोली सोडायची वेळही विचारावी. कुठं चोवीस तास मोजतात, म्हणजे आला त्या वेळेपासून. कुठं दुपारी १२ ची वेळ असते, कुठं सकाळी ९ ची. ९ ची असली आणि आपण १० ला निघालो, तर दुसऱ्या दिवसाचं भाडं मागतात. ही पाटी बहुधा गल्ल्याच्या मागं बारीक अक्षरात लावलेली असते. ती वाचावी. मोठ्या माणसांचं ओळखपत्रही दाखवावं लागतं. ते वरच्या पिशवीत ठेवावं, गाठोड्याच्या तळाशी नको.

बुधवारी देवगिरीला आई खालीच सावलीत बसली. पोरं अंधारीतून वर जाऊन आली. रात्री वेरूळला देवळाजवळच साधी खोली होती. पलंग कडक, पण जागा स्वच्छ. पहाटे आई काठी टेकत चालतच देवळात गेली. गाडी काढावी लागली नाही. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातलं काढावं लागतं. डिसेंबरची थंडी, अण्णा उघड्या अंगानं कुडकुडत रांगेत उभे. पोरं हसत होती. हे लाल दगडाचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधलं. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथलेच. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. एकंदर ३४. त्यांतलं सोळावं कैलास. एकाच डोंगरातून वरून खाली खोदून काढलेलं. आईनं तेवढं एकच पाहिलं, पण पोटभर पाहिलं.

फर्दापूरला शुक्रवारी सकाळी बिल आलं. तीन खाटांच्या दोन खोल्या, ३,०००. जादा गादी दोन, ६००. शेकडा ५ कर, १८०. एकूण ३,७८०. अण्णा पैसे काढू लागले. वहिनी म्हणाल्या, "थांबा. गादी तर एकच घेतली." माणसं सात, खाटा सहा. गादी एकच लागली होती. गल्ल्यावरचा माणूस वरमला आणि बिल बदलून दिलं. आता बरोबर आकडा किती व्हायला हवा, ते तुम्हीच वहीत करून पाहा. खोलीभाड्यावरचा कर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २०२५ च्या सप्टेंबरापासून शेकडा ५ आहे. त्याआधी १२ होता. कुणी जुना दर लावला तर विचारावं.

फाट्यावर गाडी ठेवली. तिथून पुढं खाजगी गाड्या सोडत नाहीत. एसटीनं जावं लागतं. लेण्यांच्या पायथ्याशी पायऱ्या आहेत. आईसाठी डोली केली. भाडं आधी ठरवलं. चौघांनी खांदा दिला आणि आई वर निघाली. लाजली होती, पण काठी घट्ट धरून बसली होती.

पहिल्या लेण्यात बाहेरून गेल्यावर काहीच दिसत नाही. उजेड मंद ठेवलेला आहे. रंग टिकावेत म्हणून फोटोला झगझगीत दिवा लावू देत नाहीत. थोडं थांबावं लागतं. मग भिंतीतून हळूहळू रंग वर येतात. आई थांबली. आधी दागिना दिसला, मग खांदा, मग हातातलं कमळ. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या भिंतीवर हा हसतोय असं वाटायचं. हसत नाही गं हा. कुणाचं तरी ऐकून घेतोय."

पोरांना पुढं पळायचं होतं. वहिनींनी त्यांना धरून ठेवलं. बाहेर आल्यावर आईनं पहिलं विचारलं, ते डोलीवाल्यांचा चहा झाला का.