आपत्कालीन विभाग आणि रुग्णसुरक्षा : प्रश्न मनोवृत्तीचा

रुग्णालयाच्या अन्य विभागांत रुग्ण येतो तो बहुधा ठरवून. परंतु आपत्कालीन विभागात, ज्याला लोक आजही ‘कॅज्युअल्टी’ या नावानेच ओळखतात, तो अवचित येतो. माडावरून पडलेला पाडेली, सर्पदंश झालेला शेतमजूर, दुचाकीच्या अपघातात शुद्ध हरपलेला तरुण, छातीत कळ येऊन घाबरलेला वृद्ध, असे सर्वजण एकाच दारातून, कित्येकदा एकाच वेळी आत येतात. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी हा विभाग अहोरात्र उघडा असतो. तथापि, ज्या घाईमुळे प्राण वाचतात, त्याच घाईत रुग्णाला अपाय होण्याचाही संभव असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयीन उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला त्या उपचारातूनच काही ना काही अपाय होतो आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अपाय टाळता येण्याजोगे असतात. औषधे, यंत्रे व इमारती यांची उणीव हे त्याचे एक कारण खरे. परंतु कर्मचाऱ्यांची सुरक्षेविषयीची मनोवृत्ती हेही तितकेच महत्त्वाचे कारण होय.

धोका कोठे असतो?

या विभागातील डॉक्टरला रुग्णाचा पूर्वेतिहास बहुधा ठाऊक नसतो. रुग्ण बेशुद्ध असतो, नातेवाईक गोंधळलेले असतात. त्यात भाषेची अडचण येते. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गोव्याप्रमाणेच शेजारच्या सिंधुदुर्ग व उत्तर कन्नड जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. कोणी कोकणी बोलतो, कोणी मराठी, कोणी कन्नड, तर कोणी हिंदी. अशा ठिकाणी ‘नाईक’ किंवा ‘गावडे’ या आडनावाचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असणे मुळीच अशक्य नाही. केवळ आडनावाने हाक मारून इंजेक्शन दिले, तर काय होईल हे सांगावयास नको.

दुसरा धोका तोंडी सूचनांचा. धावपळीत डॉक्टर औषध तोंडी सांगतात आणि परिचारिका ते भरून घेते. ॲड्रेनालिनसारखे औषध एकास हजार व एकास दहा हजार अशा दोन प्रमाणांत वापरले जाते. ऐकण्यात एक शून्य इकडचे तिकडे झाले तर मात्रा दहापट बदलते. लहान मुलांची मात्रा वजनानुसार काढावी लागते, म्हणून तेथे हा धोका अधिक. तिसरा धोका पाळी बदलताना येतो. रात्रपाळीच्या डॉक्टरला ठाऊक असलेली एखादी बाब सकाळच्या डॉक्टरला सांगावयाची राहून गेली, तर केस पेपर असूनही रुग्ण अनोळखीच ठरतो.

विमानोड्डाणाने दिलेला धडा

या प्रश्नावरील विचारांना एका वेगळ्याच क्षेत्रातून दिशा मिळाली. दिनांक २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाने धाव घेतली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले की नाही, अशी शंका त्याच विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली होती. परंतु अनुभवी मुख्य वैमानिकाने ती झटकून टाकली आणि विमान पुढे धावतच राहिले. त्यानंतरच्या काळात कनिष्ठाने शंका निःसंकोच मांडावी व वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना देण्यात येऊ लागले.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी वैमानिकांसाठीची अशी मनोवृत्ती-प्रश्नावली पुढे रुग्णालयांसाठी बेतून घेतली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत सहा अंगांचा विचार केलेला आहे : परस्पर सहकार्य, सुरक्षेविषयीचे वातावरण, कामातील समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापनाविषयीचे मत आणि कामाची परिस्थिती. आपण स्वतः आजारी पडल्यास याच विभागात उपचार घेणे सुरक्षित वाटेल काय, असाही प्रश्न तीत कर्मचाऱ्याला विचारला जातो. कोणत्याही विभागाची याहून खरी परीक्षा क्वचितच सापडेल.

या सहा अंगांपैकी ताणाची जाणीव हे अंग विशेष लक्ष देण्याजोगे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत थकव्याचा आपल्या कामावर परिणाम होत नाही असे मानणारे वैमानिक २६ टक्के, तर वरिष्ठ शल्यचिकित्सक ७० टक्के आढळून आले. ही पाहणी आपत्कालीन विभागापुरती नव्हती. परंतु जेथे रात्रपाळी नित्याची आहे, तेथे तिचा बोध अधिकच लागू पडतो. थकवा मान्य करणे हा कमकुवतपणा नसून ती सावधगिरी होय.

चूक लपते तेव्हा

इंग्रज मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी असे दाखवून दिले की, मोठा अपघात सहसा एकाच माणसाच्या चुकीने घडत नाही. संरक्षणाचे अनेक पडदे असतात आणि प्रत्येकात कोठे तरी छिद्र असते; सर्व छिद्रे एका रेषेत आली की अपाय रुग्णापर्यंत पोहोचतो. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच खणात ठेवलेल्या असल्या, तर आज एका परिचारिकेची चूक होईल, उद्या दुसरीची. पहिलीला केवळ शिक्षा केली, तर दुसरी आपली चूक लपवील आणि खण मात्र तसाच राहील. जाणूनबुजून केलेल्या हयगयीस क्षमा नसावी, हे निर्विवाद. परंतु प्रामाणिक चूक, किंवा होता होता टळलेली चूक, भीतीविना सांगता आली पाहिजे.

करावयाची कामे

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. औषध देण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव व आणखी एक खूण पडताळावी. तोंडी सूचना परिचारिकेने मोठ्याने परत म्हणावी व डॉक्टरने होकार द्यावा. तीव्र पोटॅशियम क्लोराईडसारखी घातक ठरू शकणारी औषधे वेगळी ठेवावीत. रुग्णांची तांबडा, पिवळा व हिरवा अशी निकडीनुसार वर्गवारी करावी. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची माहिती लेखी द्यावी. वॉर्डबॉयपासून प्रमुखापर्यंत प्रत्येकाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा आणि तो वापरणाऱ्याचे वरिष्ठांनी सर्वांसमक्ष कौतुक करावे. केंद्र शासनानेही २०१८ ते २०२५ या कालावधीसाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखडा तयार केला होता; तथापि, आराखडा कागदावरून खाटेपर्यंत नेण्याचे काम कर्मचारीच करू शकतात.

नागरिकांचा वाटा

या कामी जनतेचेही साहाय्य हवे. घरातील प्रत्येकाची चालू औषधे, न मानवणारी औषधे व जुने आजार एका कागदावर लिहून ठेवावेत आणि रुग्णालयात जाताना तो सोबत न्यावा. शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असा कागद तयार करून घेतल्यास तो घरोघरी पोहोचेल. रुग्णाजवळ एकाच जाणत्या नातेवाइकाने थांबावे. हे औषध कशासाठी, असे नम्रपणे विचारण्यास संकोच करू नये. मात्र आपल्यानंतर आलेल्या रुग्णाला आधी आत घेतले म्हणून रागावू नये. त्याची निकड अधिक असू शकते. कर्मचाऱ्यांवर हात उगारल्याने सुरक्षितता वाढत नाही. भ्यालेला माणूस चूक सांगत नाही, ती झाकतो.

२०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे व फलक होतील. परंतु खरी सुरक्षितता इतर दिवशी, मध्यरात्रीच्या गर्दीत, एखादी कनिष्ठ परिचारिका ‘डॉक्टर, मात्रा पुन्हा एकदा पाहता का?’ असे विचारते आणि डॉक्टर न रागावता ती पाहतात, तेव्हाच साधते.