आपोआप फिरणारा वायपर

आमच्या मोटारीची पुढची काच फुटली. नवी बसवली. अन् काय गंमत! कडक उन्हात वायपर आपोआप फिरू लागला. घाटात पाऊस आला, तेव्हा मात्र गप्प! पुढचे वळण दिसेना. हाताने दांडी ओढली, म्हणून निभावले.

आरशामागे काचेला आतून एक डबी असते. ती काचेत न दिसणारा उजेड सोडते. काच कोरडी असली, की तो परत येतो. थेंब पडला, की थोडा बाहेर निसटतो. त्यावरून डबीला पाऊस कळतो.

आम्ही बाहेरून निरखून पाहिले. डबी आणि काच यांच्यामधल्या चिकट गादीत हवेचे बुडबुडे! जुनीच गादी परत लावली होती. नवी लावली. वायपर ‘ऑटो’वर ठेवून पाणी शिंपडले. लगेच फिरला. हात मात्र लांब ठेवावा हं!

अंधार ओळखून दिवे लावणारी डबीही हीच. तिच्यापुढे जाड फडके धरले. दिवे लागले.