बादली उचलून कोपर सरळ होतं का?

प्रश्न : आमचा आठवीतला मुलगा सायकलवरून पडला आणि कोपराजवळचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं म्हणतात. पण हात सरळही होत नाही आणि तोंडापर्यंतही जात नाही. शेजारी सांगतात, गरम तेलाने चोळा, पाण्याची बादली उचलायला लावा. फिजिओथेरपिस्ट मात्र जोर लावून हात वाकवतसुद्धा नाहीत, ‘तूच वाकव’ म्हणतात. मग फी कशाची घेतात?
– एक पालक, सांगोला

उत्तर : फी बरीचशी हात आवरण्याचीच आहे, असं समजा!

कोपर हा मोठा आडमुठा सांधा. त्याच्याभोवतीचं पातळ वेष्टन इजेनंतर जाड होतं, आकसतं; प्लास्टरमधल्या सक्तीच्या विश्रांतीने ते आणखी आवळतं. शिवाय ब्रॅकिआलिस नावाचा स्नायू या वेष्टनाला पुढून अगदी लगटून असतो आणि हाड मोडताना तोही बऱ्याचदा दुखावतो. अशा स्नायूला चोळलं किंवा हिसका दिला की तो पुन्हा फाटतो, रक्त साकळतं आणि कधीकधी चक्क स्नायूतच हाड तयार होऊ लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मालिश करून घेतलेली अशी कोपरं आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांना चांगली परिचयाची आहेत. आपल्याकडे दर गल्लीत एक तरी चोळणारा हात असतो, त्याला काय करणार!

मुलगा स्वतः हात वाकवतो तेव्हा दुखलं की स्वतःच थांबतो. दुसऱ्याच्या हाताला ते कळत नाही. पण थेरपिस्ट नुसते बघत बसत नाहीत. आधी शेक देऊन स्नायू सैल करतात. मग हात जिथे अडतो तिथे हलका विरोध करून मुलाला काही सेकंद ढकलायला लावतात आणि लगेच सैल सोडायला सांगतात. त्या ढिलाईत कोपर जरासं पुढे सरकतं. याला होल्ड-रिलॅक्स म्हणतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट यांनी लकव्याच्या रुग्णांसाठी जी पद्धत बसवायला घेतली, तिच्यातलंच हे तंत्र. एवढ्यानेही भागलं नाही, तर बराच वेळ मंद ताण देणारा स्प्लिंट लावतात.

हात अगदी पहिल्यासारखा सरळ व्हायलाच हवा, असा हट्ट मात्र आत्ताच नको. मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवलं की रोजच्या बहुतेक कामांना कोपराची ३० ते १३० अंशांमधली हालचाल पुरते. थेरपिस्टकडच्या कोनमापकावर आज किती अंश भरले, ते वहीत लिहून ठेवा. मुलांचं कोपर बहुधा काही महिन्यांत रोजच्या वापरानेच मोकळं होतं. हालचाल वाढण्याऐवजी घटू लागली, कोपर गरम होऊन सुजलं किंवा करंगळीकडे मुंग्या आल्या, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता बादली. हाताला वजन लटकलं की दुखरा हात वाचवण्यासाठी दंडाचा स्नायू आणखी घट्ट होतो, म्हणजे कोपर सरळ व्हायचं तर उलटंच घडतं. त्यापेक्षा त्याच हाताने जेवू द्या, केस विंचरू द्या, दोरीवर कपडे वाळत घालू द्या. बादली उचलायचीच असेल, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आणि तीही घरात पाणी हवं असेल म्हणून.